दुसरा गियर

बॅप्टिस्टकाकांची जीप दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेली. एकोणीसशे बाहत्तरमध्ये तिची तिशी जवळ आली होती आणि दुखणी विचारू नका. स्टिअरिंग पाव फेरा फिरवल्याशिवाय चाक वळायचं नाही, ब्रेक तीनदा दाबल्यावर लागायचा आणि चढावर दुसरा गियर सुटायचा. म्हणून सेराफिनाकाकी शेजारी बसून गियरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. मरोळच्या गावठाणातून अंधेरीच्या बाजारात भाजी न्यायची तर दोघांनाही जावंच लागे.

मी दत्ताराम, त्यांच्या वाटेवरचा मेकॅनिक. अर्धवट दुरुस्त केलेली गाडी मला बघवत नाही. तो माझा स्वभाव, बायकोच्या मते आजार. ब्रेकसाठी आलेल्या जीपचा गियरबॉक्स मी न विचारताच उघडला. आतली स्प्रिंग मेलेली, दात झिजून गुळगुळीत. दोन दिवस खपून सगळं बदललं. चढावर चालवून पाहिली, गियर जागचा हलेना. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

चौथ्या दिवशी काका एकटेच जीप घेऊन आले.

"दत्ताराम, गियर पयल्यासारखा करून दे."

"म्हणजे?"

"सुटला पायजे."

मी भडकलो. "डोकं फिरलंय का, काका? लोक गाडी नीट करायला येतात!"

काका स्टुलावर बसले. मग हळूहळू सांगू लागले. ईस्टरच्या आधी त्यांनी रस्त्याकडचं भातशेत काकींना न विचारता एका कारखानदाराला विकलं होतं. तीस वर्षं तिथली लावणी काकींच्या हातची. त्या दिवसापासून काकी त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पन गाडीत बसायची," काका म्हणाले. "रोज, बाजूला. तू गियर नीट केलास नि मी घरी फुशारकी मारली. दुसऱ्या दिवशी तिनं टोपल्या गाडीत ठेवल्या नि आत निघून गेली. आता तिला यायला कारनच नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण चढावर दगा देणारी गाडी मी माझ्या हातानं करणार नव्हतो.

"घरी सांगा, दत्तारामनं वाट लावली. गियर चार दिवस टिकला नि परत सुटायला लागला."

"तुझं नाव खराब व्हईल."

"होऊ दे," मी म्हटलं खरं, पण जिवावर आलं होतं. आठवड्याभरात गावठाणात बोभाटा झाला. माझं जुनं गिऱ्हाईक इसिडोर, त्यानंही त्याची टॅक्सी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, मला फार लागलं.

पंधरवड्यानं जीप माझ्या दारात थांबली. काका समोर तंबाखू घ्यायला गेले. काकी आत बसलेल्या, हात दांड्यावर.

"तुझं काम खराब हाय म्हनतात," त्या म्हणाल्या.

"जमलं नाही, काकी. परत खोलून बघू का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं ज्या हातांनी तो दांडा दाबून धरला, त्या हातांना आतून धक्का येतोय की नाही हे कळणार नाही, असं मी मेकॅनिक असून धरून चाललो होतो.

"नको," त्या म्हणाल्या. "हात लावू नको. मी धरते."

मग मान बाहेर काढून त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली, "बस की लवकर, भाजी सुकंल!"

काका तंबाखूची पुडी हातात धरून भर रस्त्यात तसेच उभे राहिले.