कारण त्यांनी सांगायचं

डब्लिनच्या सँट्री भागातल्या हॉटेलात माझ्या खोलीत एक खिडकी होती, अकरा सेंटिमीटर उघडणारी. दोन खुर्च्या, एक किटली, चहाच्या नऊ पुड्या. दाराबाहेर एक सुरक्षारक्षक. मे २०२१ होता. नागपूरहून आयर्लंडला परतल्यावर सक्तीच्या विलगीकरणाच्या चौदा दिवसांपैकी सहा झाले होते. लशीचे डोस दोन, चाचण्या तीन, तिन्ही निगेटिव्ह.

शुक्रवारी सकाळी पोर्टलीश गावी वसुधाताईचं सिझेरियन होतं. तीन वर्षांच्या तन्वीला सांभाळायला मी पोचले नाही, तर शिरीषभावजी घरी अडकणार आणि ताई ऑपरेशनला एकटी जाणार.

सुटकेचा माझा अर्ज विलगीकरणाच्या कचेरीनं फेटाळला होता. तो मी प्रमोदिनी मॅडमना पाठवला. त्या मूळच्या पुण्याच्या, डब्लिनमध्ये वकिली करतात. फोनवर त्या आधी हसल्याच.

“‘सविनय विनंती’, ‘कृपा करून’! निहारिका, शाळेत रजा मागतेस का गं?”

“अर्ज असाच लिहितात ना?”

“कचेरीत. कोर्टात आपल्याकडेही असं रडत नाहीत. इथल्या संविधानात चाळिसावं कलम आहे. तुला कोंडलंय ना? मग का कोंडलं ते त्यांनी लेखी सांगायचं, हायकोर्टाला. तू नुसत्या तारखा दे. आणि ती कृपा काढ, सात वेळा आहे.”

“आठ,” मी म्हणाले.

नवा मजकूर एका पानात बसला.

गुरुवारी अकराला लॅपटॉपवर सुनावणी सुरू झाली. न्यायाधीशबाईंनी माझं पान वाचलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, “यांना बहिणीच्या घरी न ठेवता हॉटेलात ठेवून नेमकं काय साधतं?”

वकिलांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली.

“आधी माणूस कोंडायचा आणि मग सावकाश कारण शोधायचं, असं चालत नाही. दोन वाजता या.”

दोनला ते आले. लेखी कारण नव्हतं. मला सोडण्याचा आदेश झाला. उरलेले दिवस ताईच्या घरी काढायचे होते. मी कॅमेऱ्यासमोर उठून हात जोडणार, तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला: “बस खाली. उपकार नाहीत केले कुणी.”

मी बसले, पण हसू आवरेना.

संध्याकाळी पाच चाळीसला सुरक्षारक्षकानं माझी बॅग टॅक्सीत ठेवली. “ग्रँड,” तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’.

शुक्रवारी तन्वीला दूधपोळी भरवत असताना भावजींचा फोन आला. ते ताईजवळूनच बोलत होते. मुलगी, नऊ वाजून अठरा मिनिटं, तीन किलो एकशेचाळीस ग्रॅम.