गरीब पेशंटची खाट

सगळ्यांना आरोग्य विम्याचं कार्ड मिळालं, तशी झुंबरबाई आजऱ्याहून एसटीनं कोल्हापुरात आली. काजूच्या कारखान्यात उकिडवं बसून बी फोडता फोडता तिचा गुडघा कामातून गेला होता. राजारामपुरीतल्या दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं कार्ड बघितलं आणि सांगितलं, "योजनेच्या खाटा भरल्यात. दिवाळीनंतर या."

झुंबरबाईनं वॉर्डात डोकावलं. खिडकीजवळच्या खाटेवर तिच्याच कारखान्याचे मालक पृथ्वीराज सफरचंद खात बसले होते.

"मालक, तुमी हितं?"

"गुडघा गं. उद्या ऑपरेशन हाय. आता गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच कार्ड. बरं झालं का न्हाय?"

"व्हय की," झुंबरबाई म्हणाली.

ती माघारी वळणार, तोच धावपळ उडाली. विम्याचे साहेब तपासणीला आले होते आणि त्यांना गरजू पेशंटचे फोटो हवे होते. मॅनेजरनं मालकांकडं पाहिलं. त्यांच्या मनगटातलं सोन्याचं कडं काही केल्या निघेना. मग मॅनेजरची नजर झुंबरबाईच्या विटक्या लुगड्यावर गेली आणि त्याचा चेहरा खुलला. मालकांना घटकाभर बाहेरच्या बाकावर बसवलं आणि झुंबरबाईला खाटेवर निजवलं.

साहेबांनी फोटो काढला. "ऑपरेशन कधी, मावशी?"

"उद्या," ती म्हणाली. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

साहेब पुढच्या खाटेकडं सरकल्यावर मॅनेजर तिच्या कानाशी वाकला. "झालं मावशी. उठा आता."

"उठवत न्हाय ओ," झुंबरबाई मोठ्यानं म्हणाली. "उठवत असतं तर आलो असतो कशाला?"

साहेबांनी वळून पाहिलं. मॅनेजरनं मुकाट्यानं तिच्या अंगावर चादर ओढली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं ते झुंबरबाईचं. मालकांनी पदरचे पैसे भरून वरच्या मजल्यावर स्पेशल खोली घेतली, आणि ते पैसे त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखले. झुंबरबाईला काढून टाकावं, तर तिच्याइतका अख्खा काजू दुसऱ्या कुणाच्या हातून निघत नव्हता. मग त्यांनी वेगळा इलाज काढला. कुणी आजारी पडलं की कारखान्यातून औषधापुरते पैसे मिळायचे, ते बंद केले.

"आता सगळ्यांना कार्ड हाय," त्यांनी बायकांना गोळा करून समजावलं.

"पण थंडीतापाच्या गोळ्या कार्डावर मिळत न्हाईत," अंबूबाई म्हणाली. "दवाखान्यात दाखल झालं तरच चालतंय."

"मग दाखल व्हा की," मालक म्हणाले, आणि सरकारनं गरिबांसाठी काय काय केलंय ते सांगत बसले. झुंबरबाईनं ते सगळं नव्या गुडघ्यावर उभ्यानं ऐकलं.