येऊ दे, येऊ दे

होटगी रोडवरच्या मंगल कार्यालयाबाहेर लावलेल्या फ्लेक्समध्ये रुद्राणीला शोधावं लागत होतं. सगळ्यात मोठा फोटो गुरुबसप्पा अण्णांचा, हात जोडलेला. त्यांच्या शेजारी निवडणुकीत पडलेले प्रमुख पाहुणे, मग अण्णांचे व्याही, मग अण्णांच्या स्कूटीच्या शोरूमचे मॅनेजर, मग काळे गॉगल लावलेली सात-आठ पोरं, जी कोण आहेत हे अण्णांनाही सांगता आलं नसतं. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, बांबूला बांधलेल्या सुतळीआड, हेल्मेट काखेत धरून उभी असलेली रुद्राणी. वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सोलापूरची वाघीण'. वाघीण पासपोर्ट साइजची होती.

सुंदरम्मानं लेकीच्या फोटोवरची सुतळी बोटानं जरा बाजूला केली आणि ती आत गेली.

रुद्राणी तिची एकुलती एक. पुण्यात इंजिनिअरिंगला गेली आणि तिथं रेसिंगच्या गाड्यांच्या नादी लागली. गेल्या महिन्यात कोइम्बतूरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची शर्यत झाली. बाकी सगळी पोरं आणि ही एकटी मुलगी, आणि पहिली आली ती ही. बातमी सोलापूरला पोचली तेव्हा एका पेपरानं कसलीही चौकशी न करता 'सोलापूरच्या सुपुत्राची झेप' असा मथळा छापला. दुसऱ्या दिवशी चूक सुधारली आणि घरी येऊन तिला विचारलं, स्वयंपाक येतो का?

घरी येणाऱ्यांची तर रीघ लागली. सगळ्यांना कौतुक होतं आणि सगळ्यांना शंकाही होती. "गाडी भारी आसंल," एक म्हणाले. "पोरगी हाय म्हणून पोरं बाजूला सरली आसतील," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी आवाज खाली आणून, एवढ्या हादऱ्यांनी पुढं मूलबाळ व्हायला काही अडचण तर नाही ना, असं विचारलं. हे तिसरे धान्याचे व्यापारी होते, डॉक्टर नव्हते. सुंदरम्मानं सगळ्यांना चहा दिला. तिसऱ्यांच्या चहात साखर घालायची ती विसरली, आणि त्याचं तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

पण या घराची खरी गंमत वेगळीच होती. जी पोरगी ट्रॅकवर वाऱ्याशी स्पर्धा करायची, ती सोलापूरला आली की मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्यांशेजारी बसायची. घरातल्या बायका बाहेर निघाल्या की ड्रायव्हर मल्लिनाथच गाडी काढणार, हा अण्णांचा नियम. "घरात गडीमाणसं मेली काय, आसं लोक म्हणत्यात," हे त्याचं कारण. अण्णा म्हणजे सुंदरम्माचे थोरले दीर, घरातले कर्ते. सुंदरम्माचा नवरा सिद्धाराम हा माणूस वाईट नव्हता. त्याचं स्वतःचं असं एकच वाक्य होतं, "अण्णा म्हणतील तसं."

गाडी चालवायचं लायसन सुंदरम्माकडंही होतं. घरात पहिली चारचाकी आली तेव्हा एजंटानं सगळ्यांची काढली, त्यात हिचंही निघालं. ते तिनं पर्समध्ये गणपतीच्या फोटोमागं ठेवलं होतं आणि मुदत संपली की इमानानं नवं करून घेतलं होतं. गेल्या दिवाळीपासून मात्र दर गुरुवारी ती स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला जायला लागली. रुद्राणी सुट्टीवर असली की तीही बरोबर. घरच्यांना वाटलं, बाईची भक्ती वाढली. गाव मागं पडलं की मल्लिनाथ गाडी कडेला घ्यायचा, खाली उतरून मागच्या सीटवर आडवा व्हायचा, आणि सुंदरम्मा चाक हातात धरायची. दर्शनही व्हायचं, ते काही खोटं नव्हतं. रस्ता सरळ असल्यानं तिचा पुढं जायचा हात चांगला बसला. रिव्हर्स मात्र शिकायचा राहिला.

आता सत्काराचं. त्यानंतर दोनच दिवसांनी कोइम्बतूरला रुद्राणीची चाचणी होती. परदेशात शर्यती करणाऱ्या एका टीमनं देशभरातून मोजक्या चालकांना बोलावलं होतं आणि त्यातून एकालाच जागा मिळणार होती. आज संध्याकाळची रेल्वे चुकली तर ती जागा दुसऱ्याच कुणाची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी उप्पीट वाढताना सुंदरम्माच्या कानावर अण्णांचा बेत पडला.

"आज स्टेजवरच जाहीर करतो," अण्णा सिद्धारामला सांगत होते. "झालं की आता. बक्षीस मिळालं, नाव झालं. उद्यापासनं शोरूमला बसू दे. गुलाबी स्कूटी आल्यात नव्या, बायकास्नी दाखवायला बरं पडतंय. चार माणसांत शब्द दिला की पोरगी मोडत न्हाई."

"अण्णा म्हणतील तसं," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं उप्पिटावर शेंगाचटणी घेतली.

 या घरात आल्यापासून ती वाढतच आली होती, सकाळीही तिनं वाढलं. पण अण्णांच्या ताटात डाव जरा जोरातच आपटला, आणि तो भीतीनं आपटला की रागानं, हे तिला दुपारपर्यंत ठरवता आलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पहिला सत्कार अण्णांचा, कारण रुद्राणीला लहानपणी तीनचाकी सायकल त्यांनी आणली होती. दुसरा सिद्धारामचा, परवानगी दिल्याबद्दल. तिसरा प्रमुख पाहुण्यांचा, ते आले म्हणून. मग उत्सवमूर्तीची पाळी आली. सोलापुरी चादर पांघरली, नारळ दिला, आणि कुणा जाड्या माणसाच्या मापानं बांधलेला फेटा तिच्या डोक्यावर ठेवला, तो भुवयांवर येऊन थांबला. पाहुण्यांनी तिला मिक्सर भेट दिला. "वेगाची आवड हाय म्हणून मुद्दाम तीन स्पीडचा आणलाय," ते माइकवर म्हणाले, आणि सभागृह पोट धरून हसलं. पुढं अर्धा तास ते संसाराच्या गाडीवर बोलले. खऱ्या गाडीचा विषय काही निघाला नाही.

शेवटी अण्णा उठले. गळा भरून आल्यासारखं करून त्यांनी रुद्राणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमच्या पोरीनं घराण्याचं नाव केलं. आता तिनं थांबायचं ठरवलंय. उद्यापासनं ती आपल्या शोरूममधी तुमच्या सेवेला हाय. तिच्या हातनं स्कूटी घेणाऱ्या पयल्या पन्नास भगिनींना हेल्मेट फुकट!"

टाळ्या पडल्या. हेल्मेटच्या टाळ्या जास्त मोठ्या होत्या.

रुद्राणीनं फेटा वर सारून बापाकडं पाहिलं. सिद्धाराम स्वतःच्या बुटांकडं पाहत होता. सूत्रसंचालकानं तिच्या हातात माइक दिला, "दोन शब्द."

"मी काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "माझी संध्याकाळी गाडी आहे."

"गाडी आसणारच की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला. तेवढ्यात अण्णांनी खूण केली आणि वंदे मातरम् सुरू झालं. ते सुरू झालं की सगळ्यांनी सरळ उभं राहायचं आणि मधे तोंड उघडायचं नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या रांगेत ताठ उभ्या असलेल्या सुंदरम्माला तेव्हा कळलं, की सकाळी डाव रागानंच आपटला होता.

गाणं संपलं. लोक जेवणाकडं वळले. रुद्राणी सरळ बाहेर आली. तिची बॅग गाडीत होती आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीला तोंड करून लावलेली होती. मागोमाग सुंदरम्मा आली, तिच्यामागं फेटा, नारळ आणि मिक्सर सांभाळत मल्लिनाथ.

"मल्लिनाथ!" पायरीवरून अण्णांचा आवाज आला. "गाडी काढायची न्हाई."

"न्हाई मालक, मी न्हाई काढत," मल्लिनाथ म्हणाला. त्यानं किल्ली सुंदरम्माच्या हातात दिली आणि तो मिक्सर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसला. गुरुवारची सवय होती त्याला.

रुद्राणीनं हात पुढं केला. "अव्वा, दे इकडं. मी घेते."

"तू शेजारी बस," सुंदरम्मा म्हणाली. "तू चालवलीस तर उद्या गाव म्हणंल, पोरगी पळून गेली. मी चालवली तर पोरीला आईनं पोचवली."

 रुद्राणी शेजारी बसली आणि तिनं पट्टा लावला.

गाडी सुरू झाली, मागचा पांढरा दिवा लागला, आणि बाई स्टेअरिंगवर दिसताच जे सगळीकडं होतं तेच इथंही झालं. जेवणाची ताटं तशीच धरून पुरुष धावत आले. आचारी झारा घेऊन आला. ज्याच्याकडं सायकलसुद्धा नव्हती असा फोटोग्राफर उजव्या चाकापाशी उकिडवा बसला. "पूर्ण मारा, पूर्ण मारा!" "आवो तिकडं न्हाई, हिकडं!" "क्लच हळू सोडा ताई!" देशात पहिली आलेली चालक आईच्या शेजारी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

अण्णा गर्दीतून तावातावानं पुढं आले, ते गाडी अडवायलाच. ते गाडीच्या मागं, फ्लेक्सपुढं जाऊन उभे राहिले, हात वर केला, तोंड उघडलं. पण समोर मागं येणारी गाडी, आत बाई, आणि सभोवती सल्ले देणारे इतके अडाणी लोक! अण्णांना ते बघवेना. आयुष्यभराचा हात होता, आपोआपच हलायला लागला.

"बाजूला व्हा रे सगळे! सुंदरम्मा, माझ्याकडं बघ. सरळ घे. येऊ दे... येऊ दे..."

सुंदरम्मानं आरशात पाहिलं. अण्णांचा हात तिला बोलावत होता. तिनं हळूच क्लच सोडला.

"येऊ दे... येऊ दे... लई जागा हाय..."

तेवढ्यात प्रमुख पाहुणे त्यांचा निरोप घ्यायला आले. अण्णांनी जरा बाजूला होत मान तिकडं वळवली, दुसरा हात नमस्कारासाठी छातीशी नेला, आणि पहिला हात तसाच हलवत राहिले. "येऊ दे, येऊ दे. या साहेब, परत या. येऊ दे..."

मग बांबू मोडल्याचा आवाज आला. फ्लेक्स जरासा डुलला, विचार केल्यासारखा थांबला, आणि व्याही, मॅनेजर, गॉगलवाली पोरं अशा सगळ्यांना घेऊन अण्णांच्या अंगावर आला. पाहुणे वेळेत सरकले. पडायचा त्यांना अनुभव होता.

"आगं, मागचं दिसत न्हाई काय तुला?" फ्लेक्सखालून अण्णा ओरडले. लागलं कुठं नव्हतं, आवाज खणखणीत होता.

सुंदरम्मानं काच खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ती दिराशी एवढ्या मोठ्यानं बोलली.

"दिसत हुतं की अण्णा. पण तुमी म्हणत हुता, येऊ दे. तुमी बस म्हटल्याबिगर मी आजवर कदी थांबले का?"

झारा धरलेला आचारी हसला आणि मग घाबरून गप्प झाला. "म्हणून बायकांच्या हातात गाडी देऊ नये," फोटोग्राफर म्हणाला, पण म्हणताना तो दोन पावलं मागं सरला.

सुंदरम्मानं पहिला गिअर टाकला. पुढचा तिचा हात चांगला होता. फाटक मात्र बंद होतं आणि फाटकाशी सिद्धाराम उभा होता. त्यानं गाडीकडं पाहिलं. मग सवयीनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा अजून फ्लेक्सखाली होते आणि फ्लेक्सवरचे अण्णा नुसते हात जोडून हसत होते, त्यामुळं अण्णा म्हणतील तसं करायची काही सोय नव्हती. सिद्धारामनं घाम पुसला आणि फाटक उघडलं. गाडी शेजारून जाताना तो लेकीकडं बघून पुटपुटला, "हळू जावा." सुंदरम्माला त्याचा राग होता, तो काही गेला नाही. पण थोडा जागचा हलला.

सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारी रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्यानं आत वाकून पाहिलं. पुढं दोन बायका, मागं मिक्सर मांडीवर घेऊन ऐसपैस बसलेला एक पुरुष.

"काय शेठ," तो मल्लिनाथला म्हणाला, "घरच्यास्नी गाडी शिकवताय व्हय? जपून बरं का."

"मी कुटं शिकवतो बाबा," मल्लिनाथ म्हणाला. "मी बसलोय."

सिग्नल सुटला. गाडीनं एक गचका खाल्ला. रुद्राणीचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. "अव्वा, दुसरा टाक, दुसरा..."

"टाकते की. तू गप बस. मला सांगणारे आज लई झाले."

रुद्राणी गप्प बसली, आणि मग इतकी हसायला लागली की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. चादरीच्या टोकानं तिनं ते पुसलं.

स्टेशन आलं. रेल्वे लागलेली होती. बॅग खांद्याला अडकवून रुद्राणी खाली उतरली आणि आईच्या खिडकीशी वाकली. "अव्वा, घरी परत जायचंय तुला. अण्णा दोड्डप्पा दारातच बसलेले असतील."

"बसू देत."

"आणि गाडी परत भिंतीला तोंड करून लावलीस तू. निघताना रिव्हर्स लागेल."

सुंदरम्मानं समोरच्या भिंतीकडं पाहिलं. खरंच की. मागं आतापासूनच तीन-चार रिक्षावाले उभे राहिले होते, हात वर करून, मोठ्या आशेनं.

"तू जा," ती म्हणाली. "ह्यांतल्या एकाचंबी ऐकायचं न्हाई, एवढं आलंय मला."