बुचावरचा अंगठा

बुचाचं रबर एका बाजूनं खोलगट झालं होतं. अंगठा बसेल एवढंच, आणि तो अंगठा तिचा नव्हता. तपकिरी बाटली, तळाशी बोटभर अमोनिया. सकाळी लंबूकाका, म्हणजे बाबांच्या पाळीतले जोडीदार, बाबा गेल्यावर कारखान्याच्या कपाटात राहिलेलं त्यांचं सामान देऊन गेले होते. "ही द्यायची नसते," बाटली टेबलावर ठेवत ते म्हणाले होते, "विचारलं तर सांगीन फुटली." मग तिच्याकडे पाहून, "रडली नाहीस म्हणे अजून. बापावर गेलीस."

आता स्वयंपाकघरातून आईही तेच म्हणत होती. "मोकळी हो ग एकदा. पोटात ठेवून काय मिळणार?"

पोटात… लहानपणी ताटावरून उठायला लागली की बाबा म्हणायचे, "आठ तास खपून मी जे बनवतो ना, ते तुझ्या पोटात फुकट तयार होतं. हायड्रोक्लोरिक! त्याला काम दे. जेव." घरातल्या जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर टिचकी मारायचे — हिच्या लोखंडाचा गंज आधी आमच्या ॲसिडनं उतरवला, मग हिला जस्ताचं पाणी मिळालं. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं, असं आईनं ऐकवलं की हसायचे, ओठ मिटूनच. ॲसिडच्या वाफांनी पुढच्या दातांच्या कडा खाल्ल्या होत्या. "आम्ही मीठच फोडतो बाई, जागायचं कशाला?"

एकदा त्यांनी तिला ते फोडणं दाखवलं होतं. मिठाच्या पाण्यात वीज सोडून काढलेले दोन वायू, जाड काचेमागे एक दुसऱ्यात जळत होता. त्यातून निघालेला तिसरा वायू वरून झिरपणारं पाणी पिऊन टाकत होतं आणि खाली ॲसिड होऊन उतरत होतं. तिला मात्र आठवत राहिले ते बाबा — उघडी बाटली हातात धरून नळाच्या एकेका सांध्यापाशी थांबणारे. गळणारी वाफ थोडी असली तर डोळ्यांना दिसत नाही. त्या वाफेला अमोनिया भेटला की पांढरा धूर उठतो. धुराचा धागा दिसला की गळती. नाही दिसला की बाबा बुचावर अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, "घट्ट!"

घरीही तोच शब्द. कारखाना बंद पडणार अशी आवई उठली तेव्हा — घट्ट. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी — घट्ट. आणि शेवटच्या तपासणीहून आले, डॉक्टर काय म्हणाले असं तिनं विचारलं, तेव्हा चपला काढता काढता त्यांनी हवेतच अंगठा दाबला… आणि तिनं मानलं. गळती शोधायची बाटली त्यांच्या हातात होती, तिच्या नव्हती.

तिनं सामानातला कामाचा शर्ट उलगडला. थेंबांनी पाडलेली बारीक भोकं, बाही जवळजवळ चाळणी. बूच काढून ती बाटली कॉलरपाशी नेऊ लागली. मग खांद्याच्या शिवणीवरून, खिशाच्या कडेनं, सावकाश, सांध्यापाशी थांबत. काही नाही. धुऊन ठेवलेला असणार; नीटनेटका माणूस. एक धागाभरही बाबा त्या शर्टात उरले नव्हते.

"घट्ट," ती म्हणाली आणि बूच दाबलं. डोळ्यांना धार लागली होती.

आई दारात आली. शर्ट पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "आलं का ग बाई एकदाचं?"

"ह्या बाटलीचं आहे, आई. अमोनिया झोंबतो."

"असू दे. कशाचं का असेना." आईनं खिडकी सताड उघडली, शर्ट उचलून पुन्हा घडी घालायला घेतला, आणि अर्धी घातलेली घडी तशीच पोटाशी धरून पलंगावर बसली.

बाहेरची हवा आत आली. वास विरला, खोलीत भाजीच्या फोडणीचा वास पसरला, तोही विरत गेला. तिनं बुचाच्या खोलगट जागी अंगठा ठेवून पुन्हा दाबून पाहिलं. बूच घट्टच होतं. मग डोळ्यांतलं हे पाणी अजून कुठून… तिनं शोधलं नाही.