शिकवणी आणि उडदाचे पापड

मॅट्रिकचे पेपर संपले त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, उन्हाळाभर शिकवण्या घेणार. आप्पांची अट होती. जालन्याच्या कॉलेजची फी ते भरणार, तिथल्या खोलीचं भाडं माझं मी उभं करायचं. न्हाई जमलं तर जाफराबादेतच बसायचं. गणितात शाळेत पहिली येणारी पोरगी मी, मला काय अवघड?

पण उन्हाळ्यात गावात पोरंच नसतात, हे ध्यानातच आलं न्हाई. सगळी मामाच्या गावाला गेल्ती. उरली एकटी गिरिजा, सरकीच्या व्यापाऱ्याची, सातवीत गणितात नापास झालेली. तिची आई मालनबाई म्हणाली, "ये गं बेबीनंदा. तुला काय कमी करणार हाये का मी?"

त्यावर पैशाचं विचारायला जीभ रेटली न्हाई.

पहिल्या दिवशी सरळव्याज शिकवायला बसले, तर माझ्यापुढं पोळपाट आला. अंगणात उडदाचं पीठ कुटून तयार, बायका पापड लाटायला बसलेल्या. मालनबाई म्हणाली, "हात रिकामे कशाला ठेवती? तोंडानं शिकव, हातानं लाट."

एक दिवसाचं काम असेल म्हणून लाटले. मंग ज्वारीचे पापड निघाले, मंग कुरडया, मंग शेवया. गिरिजाला व्याज येईना, माझा पापड मात्र इतका पातळ व्हायला लागला की शेजारची सगुणाबाई म्हणाली, "हिला कशाला कॉलेजात धाडता? पाहुणे बघा."

सगळ्या खिदळल्या. मी लाटणं आपटलं.

"हळू गं, पोळपाट उसना हाये," मालनबाई म्हणाली.

वाळवण आटोपलं तेव्हा धीर करून म्हटलं, "मावशी, माझे शिकवणीचे पैसे..."

मालनबाई खरंच गोंधळली. "पैसे? अगं, तू आमच्याकडं लाटायला आलीस, आता आम्ही तुमच्याकडं येणार. तुझ्या आईशी कवाच ठरलंय माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पोळपाट काखेत मारलेल्या बायका हजर. आई पीठ तिंबत होती. माझ्याकडं वर बघेना.

"आई, तुला माहीत होतं?"

"एवढे पापड एकटीनं कधी लाटले असते मी?" ती पिठाकडं बघूनच म्हणाली.

"आणि गिरिजाला शिकवलं त्याचं?"

"शेजारच्या लेकराला दोन अक्षरं शिकवायचे काय पैसे घेती?" मालनबाई मधेच बोलली.

"मास्तर घेतात की."

"मास्तर गडीमाणूस हायेत, बाई."

मी चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: गणिताची शिकवणी. महिना तीस रुपये, आगाऊ. खाली आणखी एक ओळ टाकली: पापड लाटून मिळणार न्हाईत.

संध्याकाळी आप्पांनी सायकल टेकवली, भिंत दोनदा वाचली.

"अक्षर चांगलं हाये," ते म्हणाले. "पण वाचणार कोण? पोरं तर जूनलाच येतील."