मेथीवाली कादंबरी

शांतारामरावांनी वरच्या कप्प्यातलं एक जाड पुस्तक ओढून काढलं, नाकाशी नेलं, वास घेतला आणि परत जागच्या जागी ढकललं.

"बाबा, नाव सांगा ना, मी शोधते." देवयानी, त्यांची सून, खाली स्टुलाचे पाय घट्ट धरून उभी होती. "वास घेऊन पुस्तक कोण शोधतं यार?"

"नाव कुठे ठाऊक आहे मला? मटारवालं हवंय."

"रेसिपीचं?"

"खुनाचं."

देवयानीनं वर पाहिलं. सासरे थट्टा करत नव्हते.

खरी गोष्ट अशी, की शांतारामरावांनी उभ्या आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी फायली वाचल्या, त्याही एवढ्या, की एकावर एक रचल्या असत्या तर कुतुबमिनार खाली मान घालून निघून गेला असता. पुस्तकं वाचायची त्यांची बायको. सुमित्राबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये आल्या की चहा, आणि चहानंतर मांडीवर भाजीचं ताट. भाजी निवडता निवडता त्या हातातलं पुस्तक नवऱ्याला सांगायच्या. पुस्तक किती लांबायचं ते भाजीवर ठरायचं. दिल्लीच्या थंडीत मटार पोत्यानं घरात येतो, म्हणून खुनाची गोष्ट मटाराला. गवारीला प्रवासवर्णन, कारण शिरा काढता काढता माणूस जपानपर्यंत जाऊन येतो. कोथिंबिरीला कविता. शांतारामरावांच्या डोक्यात सगळं मराठी साहित्य अशा रीतीनं लावलेलं होतं.

आणि ते ऑफिसात डबा खाताना ती पुस्तकं सांगत, स्वतः वाचल्यासारखी. साऱ्या सेक्शनमध्ये त्यांचा दबदबा होता. महाराष्ट्र मंडळात एकदा एका कादंबरीवर चर्चा ठेवली होती, तिथे शांतारामराव उठले आणि नायिका घरी परत येते तो प्रसंग किती हृद्य आहे यावर भरभरून बोलले. चर्चेला आलेल्या हेमलताबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "शांतारामजी, आपण कुठली आवृत्ती वाचलीत?"

"पहिली," शांतारामराव म्हणाले.

घरी येताना ऑटोत ते बायकोला म्हणाले, "हेमलताबाईंनी पुस्तक अर्धंच वाचलेलं दिसतंय."

सुमित्राबाई शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "असेल," त्या म्हणाल्या.

आता त्या गुरुग्राममध्ये, मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. पावसाळ्यात मेंदूत एक गुठळी झाली. तिनं उजवा हात नेला, बोलणं नेलं, आणि जाता जाता वाचणंही नेलं. पुस्तक समोर धरलं तर त्या बघायच्या. अक्षरं दिसत होती, लागत नव्हती. बोलण्यात दोनच शब्द उरले होते, 'हं' आणि 'बास'. दर आठवड्याला येणाऱ्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं, "त्यांची आवडती, पाठ असलेली पुस्तकं वाचून दाखवा. ओळखीचं कानावर पडलं की शब्द कधीकधी परत येतात. कधीकधी, हं. प्रॉमिस नाही करत."

वाचून दाखवणार कोण? मुलगा प्रतीक सकाळी टॉवरच्या जंगलात जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. देवयानी दिल्लीत वाढलेली. तिला मराठी वाचता यायचं, पण जोडाक्षर आलं की ती गाडीसारखी गचके खायची. म्हणून मग शांतारामरावांनी, वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं वाचन सोडतात त्या टप्प्यावर, वाचायला सुरुवात केली.

खुनाचं पुस्तक सापडलं. बाल्कनीतल्या उन्हात बसून ते रोज थोडं वाचत. गोष्ट त्यांना पाठ होती. खून आचाऱ्यानं केलेला असतो, पण त्याची लेकरं पाहून इन्स्पेक्टर शेवटी कागद फाडतो आणि म्हणतो, मला काही सापडलं नाही. शांतारामराव त्या जागी आले, तर इन्स्पेक्टरनं कागद फाडलाच नाही. आचाऱ्याला बेड्या घातल्या, कोर्टात उभं केलं आणि शेवटच्या पानावर जन्मठेप झाली.

शांतारामरावांनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"अगं, हा तर आत गेला!"

सुमित्राबाईंचं जे अर्धं तोंड अजून त्यांचं ऐकत होतं, ते हसलं.

जपानच्या प्रवासवर्णनात हत्ती नव्हता. सुमित्राबाईंच्या जपानात होता. तो देवळाच्या पायऱ्या चढून घंटा वाजवायचा. कवितांनी शांतारामरावांची फार निराशा केली. "पुढे काय झालं ते हा माणूस लिहीतच नाही," ते म्हणाले. पण एक कविता त्यांनी पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा, आणि कुणी बघत नाही असं पाहून पान दुमडून ठेवलं. मग पानिपतचा मोठा ग्रंथ निघाला. याला भाजी नव्हती. हा सुमित्राबाईंनी मंडळाच्या बसमध्ये सांगितला होता, दर जानेवारीत पानिपतच्या काला अंब स्मारकाला जाताना, सगळ्या बसला. ड्रायव्हरनं ब्रेक लावला तेव्हा नेहमी आपणच जिंकत असायचो. ग्रंथाची सुरुवातीची पानं हाताळून मऊ झालेली होती, कुठे हळदीचं बोट होतं. शेवटच्या प्रकरणाची पानं मात्र कोरी करकरीत, दुकानातून आत्ता आणल्यासारखी. शांतारामरावांनी त्यातलं पहिलं वाक्य वाचलं, तोच सुमित्राबाईंचा डावा हात पुस्तकावर येऊन पडला.

"बास."

ते थांबले. पण त्या दिवशी जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय झालं बाबा?" देवयानीनं विचारलं.

"काही नाही. हिनं एवढी वर्षं मला काय काय सांगितलं, त्यातलं खरं किती, याचा हिशेब लागत नाहीये."

"अच्छा, म्हणजे आईंनी थापा मारल्या!" देवयानी हसली. "बिल्कुल ठीक केलं. तुम्ही कुठे चेक करणार होता?"

शांतारामराव हसले नाहीत. पुस्तकांचं एक वेळ राहू दे. पण ज्या बाईच्या तोंडून त्यांनी सगळं जग ऐकलं होतं, तिच्या जगात आता जपानी हत्ती उरला नव्हता, आचारी सुटलेला नव्हता, आणि हे असं का, ते सांगायला तिच्याकडे शब्दही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निळ्या पाठीची कादंबरी काढली. मेथीवाली. ती तरी खरी असेल.

कारण ती त्यांची लाडकी होती. दर थंडीत पहिली मेथी आणली की तेच म्हणायचे, "ती स्टेशनवाली सांग." आणि सुमित्राबाई सांगायच्या. एका पोस्टमास्तरची बायको असते. एका दुपारी ती जेवण झाकून ठेवते, किल्ली शेजारी देते आणि घर सोडून निघते. का, ते कुणी विचारत नाही. स्टेशनवर जाते, तिकीट काढते, बाकावर बसते. शेजारी एक बाई आपल्या पोराला पुरीभाजी भरवत असते, आणि पोराची माकडटोपी सारखी डोळ्यांवर घसरत असते. दर घासाला बाई टोपी वर करते. गाडी येते. गाडी जाते. मग हिला आठवतं, की दुधाचं पातेलं उघडं राहिलंय. ती घरी परत येते. संध्याकाळी पोस्टमास्तर येतो, जेवायला बसतो आणि म्हणतो, आमटीत मीठ कमी आहे.

इथे शांतारामराव मांडीवर थाप मारून हसायचे. दर वर्षी. "आणि त्या गाढवाला पत्ताच नाही!"

"नाही ना," सुमित्राबाई म्हणायच्या आणि मेथीच्या काड्या उचलून आत जायच्या.

कादंबरी वाचायला बरेच दिवस लागले. हवा इतकी खराब झाली होती, की समोरचे टॉवर कुणी पुसून टाकल्यासारखे दिसत. देवयानी ओरडायची आणि दोघांना आत, प्युरिफायरच्या शेजारी बसवायची. पोस्टमास्तरच्या बायकोला पुस्तकात नाव होतं, वारिजा. सुमित्राबाई सांगताना नुसतं 'ती' म्हणायच्या. गाव कोकणातलं होतं, खाडीकाठचं. उकाडा, माशी, घामानं चिकटलेली चोळी. निम्मं पुस्तक झालं तरी गावात स्टेशन आलं नाही. येईल पुढे, असं शांतारामरावांनी धरून ठेवलं. पाऊण पुस्तक झालं. कोकणातल्या उकाड्यात पोराला माकडटोपी कोण घालेल, हाही विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी तो बाजूला सारला.

त्या दुपारी ऊन स्वच्छ पडलं होतं, म्हणून दोघं पुन्हा बाल्कनीत आले. वारिजानं जेवण झाकून ठेवलं. किल्ली शेजारी दिली. ती धक्क्यावर गेली, कारण त्या गावातून बाहेर जायला फक्त लाँच होती. "वारिजानं फळीवर पाऊल ठेवलं," शांतारामरावांनी वाचलं आणि पान उलटलं.

शेवटचं पान. थोड्याच ओळी. त्यांचे डोळे पुढे धावले. लाँच खाडीच्या वळणाआड गेली होती. धक्क्यावर कुणी नव्हतं.

त्यांनी घसा साफ केला. बायकोकडे पाहिलं नाही. वाचत होते त्याच संथ सुरात पुढे म्हणाले, "आणि तेवढ्यात तिला आठवलं, की दुधाचं पातेलं उघडंच राहिलंय. ती फळीवरून मागे फिरली. संध्याकाळी पोस्टमास्तर..."

"नाही."

शांतारामरावांच्या हातातलं पुस्तक कललं. तो शब्द पावसाळ्यापासून तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालीस?"

सुमित्राबाईंच्या कपाळावर शीर उभी राहिली. "गे... गेली."

"गेली! बरोबर, गेली!" ते खुर्चीत पुढे सरकले. आनंदानं त्यांचा आवाज चिरकला. "पुस्तकात गेलीच आहे ती. मीच बनवून सांगत होतो, तुझं ऐकून. पकडलंस मला!" त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. "मग तू का गं परत आणत होतीस तिला? मला वाईट वाटेल म्हणून? त्या आचाऱ्यासारखं?"

सुमित्राबाईंनी मान हलवली. नाही. त्यांनी हात सोडवून घेतला. तो सावकाश उचलला, पुस्तकावर ठेवला.

"ती गेली," त्या म्हणाल्या.

मग हात पुस्तकावरून काढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले. शांतारामराव थांबले.

"मी आले."

खाली सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वाजवून वाजवून थांबलं.

शांतारामरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसायला म्हणून हात खाली नेला, आणि आपण पायजमा घातलाय हे लक्षात आल्यावर तो तसाच हातात धरून बसले. तिच्या पहाडगंजच्या शाळेच्या गल्लीतून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे नवी दिल्ली स्टेशन. नोकरीभर ती रोज त्याच्यासमोरून घरी आली होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, की आज उशीर का. थंडीतली कुठली दुपार असेल ती? आमटीत मीठ कमी आहे असं आपण म्हणालो, तो दिवस त्यांनी आठवून पाहिला. असे दिवस फार होते. एकही वेगळा निघेना.

कुठे निघाली होतीस, असं ओठांवर आलं. त्यांनी ते विचारलं नाही. सुमित्राबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि लांबून सामान वाहून आणून खाली ठेवलेल्या माणसासारखा हलकेपणा.

दार सरकवून देवयानी सूप घेऊन आली. "आवाज कसला आला? बाबा, तुम्ही ओरडलात?" तिनं दोघांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पुस्तकाकडे. "संपलं वाटतं. कशी आहे स्टोरी? मला सांगा ना, तुम्ही मस्त सांगता."

शांतारामरावांनी उरलेल्या ओळींवरून नजर फिरवली. मग मान हलवली.

"ही मला सांगता यायची नाही. आईला विचार."

"आईंना?" देवयानीचा आवाज खाली आला. "बाबा..."

"सांगेल ती. वेळ लागेल."

त्यांनी पुस्तक मिटलं, आपली खुर्ची उचलून बायकोच्या समोर आणली, आणि हात मांडीवर ठेवून ऐकायला बसले.