शेषरावांची ढोलकी

अकोल्याच्या जुन्या शहरात शेषरावांना सगळे ढोलकीवाले म्हणूनच ओळखत. एसटीच्या वर्कशॉपमधली नोकरी संपली, तरी भीमगीतांचं मंडळ सुटलं नव्हतं. मंडळातल्या श्रावणची पेटी आणि शेषरावांची ढोलकी, ही जोडी ठरलेलीच. रक्तदाबानं त्यांच्या किडन्या बऱ्याच खराब केल्या होत्या. पण औषधं वेळेवर, मीठ बेतानं, असं करत काही वर्षं त्यांनी उरलेलं टिकवून धरलं होतं.

यंदा एप्रिलचे कार्यक्रम आटोपले आणि पायांवर सूज आली. तोंडाची चव गेली. रक्त तपासलं, तर किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन एकदम वर चढलेलं. मुलगी नीलम अमरावतीला राजापेठेत राहायची. आकडा ऐकून ती फोनवर म्हणाली, "बाबा, उद्याच या. आईलेही आणा."

अमरावतीच्या किडनीच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. "इतकी वर्षं हळूहळू चाललं होतं. आता एकदम का घसरलं, ते शोधू," म्हणाल्या. जुलाब झाले का? लघवीला जळजळ? बीपीची गोळी चुकली? वैद्याचं काही चूर्ण? शेषराव प्रत्येक प्रश्नाला मान हलवत नाही म्हणत गेले.

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या?"

"तुमी लिहून देल्या तेवढ्याच."

तेवढ्यात बाईंची नजर त्यांच्या हातांवर गेली. अंगठ्यांचे सांधे सुजून गाठाळले होते. "या हातांनी ढोलकी वाजवता? दुखत नाही?"

उत्तर बायकोनं, भागीरथाबाईंनी दिलं. "दुखते ना. कार्यक्रम असला का माही गुडघ्याची गोळी देतो मी त्याइले. एक जायाच्या आंधी, एक आल्यावर. एप्रिलात तर रोजच."

"आणि पाणी?"

"गाण्यातून उठता येत नाई," शेषराव म्हणाले. "म्हणून कमीच पेतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. चांगल्या किडन्या एखाद वेळी निभावून नेतात, तुमच्या नाही. त्यात हे ऊन, हा घाम, पोटात पाणी नाही. गोळी आजपासून बंद. पुन्हा तपासू. नाहीच उतरलं, तर डायलिसिसच्या तयारीसाठी हातावर छोटं ऑपरेशन करावं लागेल."

"कोन्त्या हातावर?"

"डाव्या."

शेषरावांनी डावा हात उजव्या हातात धरला.

परतीच्या एसटीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, तरी भागीरथाबाई खिडकीबाहेरच पाहत होत्या. मग एकदम डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "म्यांच तुमाले हातानं देल्या."

"काऊन रडून राहिली?" शेषराव हळूच म्हणाले. "मांगितल्या त म्याच. मंडळातल्या पोराइले वाटू नये ना, बुढा थकला म्हणून."

घरी येऊन भागीरथाबाईंनी आपल्या गोळ्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. शेषरावांसाठी डॉक्टरांनी दुखण्यावर चालेल म्हणून सांगितलेली साधी गोळी तेवढी बाहेर राहिली. सकाळ-संध्याकाळ त्या कोमट पाण्यात त्यांचे हात शेकून देऊ लागल्या. एका संध्याकाळी शेषराव उठून श्रावणकडे गेले आणि सरळच म्हणाले, "माह्यानं आता पूर्ण कार्यक्रम होत नाई."

श्रावणनं पेटीचा भाता दाबून ठेवला. "मंग दोन गाणे वाजवा, भाऊ. बाकीचे आपला बँकेतला सुगत वाजवीन. पन तुमी बसा आमच्यात."

बुद्धपौर्णिमेला त्यांनी दोन संथ गाणी वाजवली आणि ढोलकी सुगतकडे सरकवली. मग कोरसमध्ये बसले. सुगतचा हात घाईचा होता, ताल पुढं पळत होता. शेषरावांनी न राहवून टाळी धरली. सुगतनं मान वळवून ती टाळी पकडली आणि गाणं जागेवर आलं. मधल्या वेळात भागीरथाबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत पाण्याचा गिलास त्यांच्या हातात देऊन आल्या. ते निमूट प्यायले.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला होता. पूर्वीच्या ठिकाणी मात्र गेला नव्हता.

"गेलं ते सगळं परत आलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण घसरण थांबलीय. ऑपरेशनचं सध्या थांबू. येत राहा."

दुपारी नीलमनं ताटं वाढली. शेषरावांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तोंडात टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नीलम, मीठ टाकलं का नाई याच्यात?"

"टाकलं ना, बाबा. तुमच्या वाट्याचं."

भागीरथाबाईंना हसू आलं. शेषरावांनी दोघींकडं पाहिलं आणि दुसरा घास घेतला.